सरदार जांभईरावांचा वरचा मजला

३ जून

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू ‘बरी आहे, ठेव आता’ या चार शब्दांच्या पुढे जात नाहीस. म्हणून म्हटलं, तुला कागदावर गाठावं.

माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. दारं-खिडक्या बसवायची मोठी कामं बंद. डॉक्टर म्हणाले, बसून करता येईल असं काही करा. त्यावर तुझी भावजय म्हणाली, “बसून यांना फक्त माझं डोकं खाता येतं.” तेव्हा कारखान्यात पडलेले लाकडाचे तुकडे गोळा केले आणि ठरवलं, सरदार जांभईरावांची हवेली बांधायची. टेबलावर मावेल एवढी.

हसू नकोस. मी पाच वर्षांचा आणि तू अकराची असताना जुन्या घराच्या खालच्या खोलीत आपण खडूनं आखली होती, तीच हवेली. चुलीत राहणारी आगीची पाल आठवते? रोज सकाळी “उठा, बाईसाहेब” म्हटल्याशिवाय ती जाळ काढायची नाही. तबेल्यात पंखांचा घोडा होता आणि त्याचे पंख भिजले की दोरीवर वाळत घालावे लागायचे. कोठीत ढगांची गाठोडी होती, लागेल तेवढा ढग पिळून पाणी घ्यायचं. खालचा मजला मला तोंडपाठ आहे. आठ दिवसांत उभा राहिला.

घोडं अडलंय ते वरच्या मजल्यावर. तू मला कधी वर जाऊच दिलं नाहीस. जिन्याच्या दाराशी पहारा द्यायचीस, ओठांवर बोट ठेवून. “भुंग्या, आवाज करू नकोस. वर सरदार झोपलेत.” वरून खोकल्याचा आवाज आला की म्हणायचीस, “बघ, त्यांनी कूस बदलली.” त्या वर्षी आई आजारी म्हणून मामाकडे होती, आणि तिकडेच गेली. त्यानंतर एक दिवस जिन्याचं दार सताड उघडं दिसलं. मी धावत वर गेलो, तर रिकामी खोली आणि ओल्या चुन्याचा वास. तू म्हणालीस, सरदार दूरदेशी गेले. आई गेल्याचं सांगितलं तेव्हा मला फारसं कळलं नव्हतं, पण त्या दिवशी मात्र मी हमसून हमसून रडलो. मी त्यांच्यासाठी लाकडाचा घोडा केला होता, माझ्या हातची पहिली वस्तू. तो तुझ्याकरवी वर पाठवला होता. सरदार तो घेऊन गेले, पण बरा झालाय की वाईट, एका शब्दानं बोलले नाहीत.

तर आता सांग, वर काय काय होतं? मी साठीला आलो. आता तरी मला वर येऊ दे.

आणि आपण भेटून पाच वर्षं झाली. चार दिवस तिकडे येऊ का?

तुझा,
भुंग्या

१६ जून

चि. भुंग्या,

अक्षर बघून गोंधळू नकोस. चष्मा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना बसवून सांगतेय. मी सांगते, त्या लिहितात. मी रागावून बोलले की त्या गोड करून लिहितात, एवढं फक्त ध्यानात ठेव.

आत्ता येऊ नकोस. इमारतीच्या जिन्याचं काम काढलंय, नाका-तोंडात धूळ जाते. हातातलं शिवणकाम हातावेगळं झालं की पुढच्या महिन्यात मीच येते.

साठ वर्षांचा घोडा झालास तरी हवेली हवीच का तुला? बरं, ऐक.

पहिली गोष्ट, तिथं जिना चढायचा नसतो. जांभईरावांना जिन्याचा मनस्वी कंटाळा. त्यांनी सगळे जिने घडी घालून माळ्यावर टाकलेत. खालच्या पायरीवर उभं राहून तोंडभर जांभई द्यायची, की माणूस आपसूक वर पोचतो.

वर लांब बोळकांडी आहे. तिच्यात शेवाळी रंगाचा गालिचा अंथरलाय. त्यावर नुसतं उभं राहायचं, तो आपल्याला घेऊन सरकतो. भिंतीला कमरेइतका उंच कठडा आहे. त्याला आपण धरत नाही, तोच आपल्याला धरतो. तोल गेला की दंडाखाली हात घालतो आणि कुणाला सांगत नाही.

डाव्या हाताला पहिली वाऱ्यांची खोली. खोली कसली, भिंतभर खणांचं एकच कपाट. एकेका खणात एकेक वारा. कपडे वाळवायचा वेगळा, कैऱ्या पाडायचा वेगळा, दुपारी पुस्तक वाचताना पापण्या जड करणारा वेगळा. भांडणानंतर घरात यायचा असतो तो सगळ्यात वरच्या खणात, कारण तो क्वचित लागतो. खणांना मुठी नाहीत, पायाच्या अंगठ्यानं ओढायचे. तळचा एक खण अडकलेला आहे. तो ओढू नकोस.

भावजयीला म्हणावं, डोक्याची काळजी घे.

ताई

(चष्मा खरंच दुरुस्तीला आहे. असं लिहायला त्यांनी मला दोनदा सांगितलं. मास्तरीणबाई)

२७ जून

ताई,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या भावजयीला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाऱ्याचा सगळ्यात वरचा खण आमच्याकडे पाठवून दे, असं तिचं म्हणणं आहे. आम्हाला तो क्वचित लागत नाही.

कपाट तयार झालं. चोवीस खण, प्रत्येक नखाएवढा. तळचा अडकलेला खण मी खरोखरच अडकवून टाकलाय, सरस लावून. गालिच्यासाठी तुझ्या जुन्या ब्लाउजची शेवाळी चिंधी सापडली. पण कठडा भिंतीच्या एकाच बाजूला की दोन्ही? आणि सगळीकडे तो कशाला? जांभईराव म्हातारे होते का? मला तर ते नेहमी धिप्पाड मिशाळ वाटायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. हवेलीचं माप. आपल्या खेळात कायदा होता, हवेली ताईच्या वितीनंच मोजायची. दिवाणखाना वीस विती, तबेला बारा. मला आकडे आठवतात, पण वीत नाही. माझी वीत घेतली तर सगळंच बेढब होतं, सुताराचा पंजा आहे. तेव्हा तुझा उजवा हात कागदावर ठेव, बोटं पसर, भोवती पेन्सिल फिरव आणि पाठवून दे. त्यावरून सगळं प्रमाण काढतो.

जिन्याचं काम कुठवर आलं? गवंडी ओळखीचा असेल तर मी बोलतो त्याच्याशी.

भुंग्या

११ जुलै

चि. भुंग्या,

गवंड्याशी बोलायची काही गरज नाही. काम चाललंय त्यांच्या चालीनं.

कठडा दोन्ही बाजूंनी. का ते विचारू नकोस. सरदारांच्या घरी पाहुण्यांनी फार चौकशा करायच्या नसतात.

वाऱ्यांच्या खोलीपलीकडे न्हाणीघर. तिथला तांब्या स्वतःच पाणी ओततो. फक्त त्याला गरम-गार नीट सांगावं लागतं, नाहीतर तो रुसतो. कंगवा आपोआप केसांतून फिरतो आणि गुंता आला की थांबून विचारतो, “ओढू का?” कुणी एवढं विचारतं का रे हल्ली? तिथं आरशाची गंमत आहे. त्यात आजचं तोंड दिसत नाही. आपण सांगू त्या दिवशीचं दिसतं. जांभईराव दाढी करताना लग्नाच्या दिवशीचं तोंड मागवतात, त्यामुळे त्यांची दाढी कायम अर्धीमुर्धी होते.

समोर कपड्यांची खोली. खुंट्यांवर चाळीस अंगरखे. रंग सांगते, म्हणजे तुला चिंध्या शोधता येतील. जांभळा, राखी, पिकल्या लिंबाचा पिवळा, आणि एक असा काळा की त्यात हात घातला तर कोपरापर्यंत दिसेनासा होतो. अंगरख्यांना गुंड्या नाहीत, नाड्या नाहीत, हूक नाहीत. माणसानं समोर उभं राहायचं, अंगरखा पुढे येऊन मिठी मारतो, झालं. काढताना पाठीवर थोपटायचं, की सोडतो. या खोलीला दार आहे, पण त्याला कडी नाही. खांद्यानं लोटलं की उघडतं.

हाताचं चित्र पुढच्या पत्रात. घरात पेन्सिल सापडत नाहीये.

ताई

२२ जुलै

ताई,

गुंड्या नाहीत?

तू आयुष्यभर कपडे शिवलेस. तुझा गुंड्यांचा डबा मी पाहिलाय. शिंपल्याच्या, शिंगाच्या, पितळेच्या, रंगावार लावलेल्या. माझ्या लग्नात अंगरख्याला तू अकरा गुंड्या लावल्या होत्यास आणि मी घाईत एक चुकीच्या काजात घातली तर चारचौघांत माझा कान पिरगाळला होतास. ती बाई सरदाराला चाळीस अंगरखे देते आणि गुंडी एकही नाही! तुझी भावजय म्हणते, कल्पनेतलं आहे, तुम्ही कशाला मापं काढता? पण मी दुसरं काय करणार, मला तेवढंच येतं.

जिथं कुणाचेही दोन्ही हात धड चालत नसावेत, असं हे घर आहे. खण पायानं ओढायचे, दार खांद्यानं लोटायचं. मी चुकत असेन तर सांग.

चष्मा आला का? महिना उलटून गेला. एवढ्या वेळात तर दुकानदार काच वाळूपासून बनवू शकला असता.

आणि शेवटची खोली राहिली. बोळकांडीच्या टोकाला जांभईरावांची झोपायची खोली असणारच. तिचं सांग. मला खरी तीच हवी होती. आणि हात पाठव. पेन्सिल या पत्रासोबत पाठवतोय.

भुंग्या

९ ऑगस्ट

चि. भुंग्या,

चष्मा येईल.

सोबत हात पाठवतेय. घे एकदाचा. यावरून माप काढ आणि माझी पाठ सोड.

गुंड्यांचं म्हणशील तर आयुष्यभर काजं करून मला त्यांचा वीट आलाय. शिंपिणीच्या कल्पनेत गुंड्या कशाला याव्यात? सुट्टीच्या दिवशी तू रंधा मारतोस का?

झोपायच्या खोलीचं दार बंद आहे. त्यापलीकडचं मलाही ठाऊक नाही. बाहेरून नुसतंच बंद दार दाखव. वर सरदार झोपलेत. झोपू दे त्यांना.

कपडे फार साठलेत, त्यामुळे या महिन्यात येणं जमेलसं दिसत नाही. तूही येऊ नकोस.

ताई

१५ ऑगस्ट

ताई,

हा हात तुझा नाही.

कागद हातात घेतला आणि पहिल्या नजरेत कळलं. या हाताची करंगळी सरळ आहे. तुझी करंगळी वाकडी आहे, मधल्या पेरापासून बाहेरच्या अंगाला. मला कशी ठाऊक? मीच वाकडी केली ना. घोडा मला स्वतःच्या हातानं सरदारांना द्यायचा होता. तू दुपारी डुलक्या काढत होतीस म्हणून मी जिन्याच्या दाराकडे पळालो. तू धावत आलीस. मी दार लोटलं, तू बिजागरीच्या बाजूनं चौकटीत हात घातलास, आणि दार बोटावर बसलं. तू ओरडली नाहीस. ओठ आवळून उभी राहिलीस, कारण वर सरदार झोपले होते. बाबांना सांगितलंस की तू पडलीस. त्या दिवसापासून तुझी वीत पूर्ण पसरेनाशी झाली आणि तू जाहीर केलंस की कायद्याप्रमाणे जांभईरावांची हवेली आता अर्धं बोट आखूड झाली.

ही गोष्ट आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. मास्तरीणबाईंना तर नाहीच. त्यांना माझा नमस्कार सांग. हात त्यांचा सुबक आहे.

तुझ्या उजव्या हाताला काय झालंय, ताई? चष्मा, जिना, साठलेले कपडे, सगळ्या थापा. मला वाईट थापांचं वाटत नाही. तू मला परत खाली ठेवलंस, त्याचं वाटतं. पंचावन्न वर्षांपूर्वी जशी दाराशी उभी होतीस तशीच उभी आहेस.

मी शुक्रवारच्या गाडीत बसणारच होतो. पिशवी भरली होती. तुझ्या भावजयीनं हातातून काढून घेतली. म्हणाली, “न विचारता गेलात तर त्या दार उघडतील हो, पण उघडावं लागलं म्हणून. आधी विचारा.”

म्हणून विचारतोय. मी वर येऊ का?

भुंग्या

३ सप्टेंबर

भुंग्या,

तुझं पत्र पंधरा दिवस उशाखाली ठेवलं होतं. मास्तरीणबाई रोज विचारायच्या, “लिहायचं का?” मी रोज “उद्या” म्हणायचे. आज त्या आल्या आणि कागद पुढे ओढून म्हणाल्या, “हात माझा गेला, पकडली मी गेले. आता तुम्ही बोला.”

एप्रिलमध्ये एका सकाळी कापड कापताना कात्री हातातून पडली. उचलायला वाकले, तर हात जागेवरच नाही असं वाटलं. मास्तरीणबाई दूध घेऊन आल्या म्हणून बरं, त्यांनीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, झटका हलका होता. उजवा हात ऐकत नाही. उजवा पाय ऐकतो, पण मनाविरुद्ध. तिसऱ्या मजल्यावरून मी तेव्हापासून खाली उतरलेले नाही. शिवणयंत्रावर चादर टाकलीय. कागदावर हात ठेवला होता रे मी. बोटं पसरेनात. मुठीचं चित्र पाठवून काय करू, म्हणून या बाईंचा हात ठेवला. सरळ करंगळीचं माझ्या लक्षातच आलं नाही. स्वतःच्या हाताकडे मी हल्ली बघत नाही.

आता शेवटच्या खोलीचं सांगते. मध्ये थांबवू नकोस.

आई मामाकडे नव्हती. आई वर होती. पाच महिने.

तिचा आजार लागण होणारा होता. बाबांनी मला जिन्याखाली उभं करून शपथ घातली. म्हणाले, तो लहान आहे, आई वर आहे कळलं तर तो धावत जाईल. तू मोठी आहेस, तू सांभाळ. मलाही उंबऱ्याच्या आत जायला मनाई होती. तोंडाला फडकं बांधून ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि तिथंच बसायचं.

ती खोली माझ्या वितीनं सोळा बाय बारा होती. म्हणजे करंगळी मोडण्याआधीच्या वितीनं, आई वर जाण्याआधी मोजलेली. खिडकी एकच, उत्तरेला, तिचं खालचं एक तावदान फुटलेलं, तिथं पुठ्ठा लावला होता. खुंटीवर आईची निळी शाल. कोनाड्यात औषधाच्या सहा बाटल्या, रिकामी झालेली ती उलटी ठेवायची. जमीन फळ्यांची होती आणि मधोमध दोन फळ्यांत फट होती, बोट जाणार नाही पण आवाज जाईल एवढी. तिची खाट खिडकीशी होती. एक दिवस तिनं बाबांकडून ती ओढून त्या फटीवर आणून घेतली. खाली तू खेळताना सतत गुणगुणायचास, म्हणून तर तुझं नाव भुंग्या पडलं. ती पडल्या पडल्या ऐकायची. तू गप्प झालास की मला विचारायची, “झोपला का? रागावला का? जेवला ना?”

आणि हवेली माझी नव्हतीच रे. मी अकरा वर्षांची पोर, मला कुठलं एवढं सुचणार? आगीची पाल, घोड्याचे वाळत घातलेले पंख, ढगांची गाठोडी, सगळं ती मला उंबऱ्यावर सांगायची आणि मी खाली येऊन तुला सांगायचे. जांभईराव हे नावही तिचंच. ती म्हणाली, “त्याला सांग, वर एक झोपाळू सरदार राहतो. म्हणजे तो हळू बोलेल आणि घाबरणारही नाही.” खालचा अख्खा मजला तिनं वरून बांधला. वरचा मजला तिनं कधी सांगितलाच नाही. तिथं ती स्वतः होती. म्हणून तू विचारलंस तेव्हा जूनपासून मला तो नव्यानं रचावा लागला, आणि रचताना माझंच दुखणं त्यात उतरत गेलं, हे तुझं पत्र आल्यावर कळलं.

तुझा घोडा मी फळ्यांवरून तिच्याकडे सरकवला. तिनं उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाली, “एक पाय आखूड आहे. पण पळेल.” त्यानंतर तो तिनं हातातून सोडला नाही. गेली तेव्हाही मुठीत होता. बाबांनी तो तसाच तिच्याबरोबर जाऊ दिला. सरदार बरा-वाईट बोलले नाहीत म्हणून तू रडलास, तेव्हा ते शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण शपथ होती. पुढे बाबा गेले, शपथही गेली, आणि तरी मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पंचावन्न वर्षं गेली. तुझी माफी मागते.

तुला खाली खेळत ठेवायचं हे माझं काम होतं. त्या कामावरून मला कुणी मोकळं केलं नाही, आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये हे झालं तेव्हा पहिला विचार हाच आला, की भुंग्याला कळू द्यायचं नाही.

मास्तरीणबाई मध्येच उठून तोंड धुऊन आल्या. आता पुरे म्हणतात.

ताई

८ सप्टेंबर

ताई,

पत्र वाचून मी कारखान्यात जाऊन बसलो. तुझी भावजय दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती चहा घेऊन, आणि शेजारी बसून राहिली.

आधी रडलो. मग राग आला. तुझा, बाबांचा, सगळ्यांचा. आई डोक्यावर आठ हातांवर होती आणि मी खाली ढग पिळत बसलो होतो! राग दोन दिवस टिकला. मग वाटलं, अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे कुणी ठेवलं? मी निदान खेळत तरी होतो. तुला कुणी खेळू दिलं? माफी मागू नकोस. तू मोकळी झालीस, ताई. मी सांगतोय म्हणून. ते काम संपलं.

एक पाय आखूड आहे, पण पळेल. हे वाक्य मी पाठ केलंय. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी याहून खरं बोललं नसेल.

शेवटची खोली केली. सोळा बाय बारा, वीत अंदाजानं धरली. निळ्या कापडाची शाल खुंटीवर आहे, बाटल्या सहा आहेत, त्यांतल्या दोन उलट्या. खाट मधोमध ठेवलीय. आणि जमिनीत फट ठेवली. चाळीस वर्षं फळ्या जोडतोय, फट राहू नये म्हणून जीव काढत आलो. ही पहिली फट, जी मी मुद्दाम ठेवली. खालच्या खोलीत तोंड नेऊन गुणगुणलं की वर ऐकू येतं. करून पाहिलं.

आता ऐक. तू ‘हो’ म्हटलंस तर पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तुला उचलून इकडे आणायला नाही. घर तुझं आहे, तू ठरवशील. मी हत्यारांची पेटी घेऊन येतोय. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत कठडा बसवणार. कमरेइतका, दोन्ही बाजूंनी. तोल गेला तर धरणारा आणि कुणाला न सांगणारा. दारांच्या मुठी काढून टाकतो, खांद्यानं उघडतील अशी करतो. तूच सगळं सांगितलं होतंस, मापांसकट. मला समजायला उशीर झाला.

पायऱ्या किती आहेत ते कळव. गुडघ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

भुंग्या

१२ सप्टेंबर

भुंग्या

हे माझ्या डाव्या हाताचं अक्षर. दोन दिवस लागले. मास्तरीणबाई म्हणतात सात चुका आहेत. असू देत.

पायऱ्या बासष्ट. मध्ये दोनदा बसून घे.

कडी काढून ठेवते. नुसतं लोट.

आणि जिन्यात गुणगुणत ये. मोठ्यानं ये. वर कुणी झोपलेलं नाही.

ताई